एसीत कुठला गॅस आहे? मांडवीच्या खाऱ्या वाऱ्यात हे विचारायलाच हवं

रत्नागिरीत मांडवीच्या किनाऱ्याजवळ घर असेल, तर खाऱ्या वाऱ्याने काय काय गंजतं हे वेगळं सांगायला नको. एसीचं बाहेरचं युनिटही याच वाऱ्यात उभं असतं. कॉइलला बारीक भोक पडतं, गारवा कमी होतो आणि मेकॅनिक म्हणतो, "गॅस संपलाय, भरून देतो."

पण एसीतला गॅस संपत नसतो. बंद नळ्यांमधून तोच गॅस वर्षानुवर्षं फिरतो. कमी झाला, म्हणजे कुठेतरी गळला. आणि गळलेला गॅस कुठला, यावर घरातल्यांना धोका किती आणि वातावरणाचं नुकसान किती, हे ठरतं.

ए१, ए२एल, ए३ म्हणजे काय?

हे गॅसचे सुरक्षा वर्ग आहेत. 'ए' म्हणजे कमी विषारी, 'बी' म्हणजे जास्त. पुढचा आकडा आगीचा: १ म्हणजे ज्वाला पसरत नाही, २एल म्हणजे हळू जळणारा, ३ म्हणजे चटकन पेट घेणारा.

- आर-२२ (जुने एसी): ए१. पेटत नाही, पण ओझोनचा थर विरळ करतो. शिवाय कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,८०० पट तापमानवाढ करतो.
- आर-४१०ए: ए१. ओझोनला धोका नाही, पण तापमानवाढ सुमारे २,१०० पट.
- आर-३२ (सध्याचे अनेक इन्व्हर्टर एसी): ए२एल. सुमारे ६७५ पट.
- आर-२९०, म्हणजे प्रोपेन: ए३. तापमानवाढ नगण्य.
- आर-७१७, म्हणजे अमोनिया: बी२एल. तापमानवाढ शून्य, पण श्वासातून गेला तर घातक.

अमोनिया घरात नसतो. पण मासळीसाठी लागणाऱ्या बर्फाच्या लाद्या करणाऱ्या कारखान्यांत आणि मोठ्या कोल्ड स्टोरेजमध्ये तो सर्रास वापरतात. त्याचा उग्र वास हीच धोक्याची पहिली घंटा.

मग पेटणारे गॅस का आणले?

कारण न पेटणाऱ्या गॅसनी वर आकाशात घोळ घातला. ओझोन वाचवण्यासाठी १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला. भारत त्यात १९९२ मध्ये सामील झाला. ओझोनला धक्का न लावणारे एचएफसी गॅस पुढे आले, पण त्यांनी तापमानवाढीत भर घातली. म्हणून २०१६ मध्ये रवांडातल्या किगाली शहरात करारात दुरुस्ती झाली. भारताने ती सप्टेंबर २०२१ मध्ये मंजूर केली.

भारतात पुढे काय होणार?

आर-२२ सारखे एचसीएफसी गॅस २०३० पर्यंत जवळपास बंद होतील. त्यानंतर फक्त जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीपुरता थोडा वाटा उरेल. आर-३२ आणि आर-४१०ए ज्या एचएफसी गटात येतात, त्याचा वापर २०२८ पासून गोठेल. मग २०३२ मध्ये १० टक्के, २०३७ मध्ये २०, २०४२ मध्ये ३० आणि २०४७ मध्ये ८५ टक्के कपात होईल.

म्हणजे तुमचा चालू एसी कोणी काढून नेणार नाही. पण त्याचा गॅस मिळणं हळूहळू अवघड होत जाईल.

खरा धोका कुठे आहे?

ए३ गॅस म्हटल्यावर घाबरायचं कारण नाही. बऱ्याच नव्या फ्रीजमध्ये आयसोब्युटेन हा ए३ गॅसच असतो, पण तो साधारण शंभर ग्रॅमहून कमी असतो आणि यंत्र त्याच्यासाठीच बनवलेलं असतं.

धोका आहे तो चुकीच्या भरण्यात. आर-२२ च्या एसीत स्वस्त पडतो म्हणून प्रोपेन भरला, तर त्या एसीची वायरिंग आणि स्विच पेटणाऱ्या गॅससाठी बनवलेले नसतात. गळती झाली आणि ठिणगी पडली, तर आग लागू शकते. आणि स्टिकरवर 'आर-२२' वाचून पुढचा मेकॅनिक निर्धास्तपणे नळीला गॅसबत्ती लावणार. त्याच्या जिवावर बेतणारी गोष्ट आहे ही.

मग करायचं काय?

- बाहेरच्या युनिटवरचा स्टिकर वाचा, गॅसचं नाव लिहून ठेवा.
- आधी गळती शोधायला सांगा. नायट्रोजनचा दाब देऊन ती तपासता येते.
- दुरुस्तीनंतर व्हॅक्यूम करून, स्टिकरवरच्या वजनाइतकाच गॅस भरून घ्या.
- दुसरा गॅस 'चालतो' म्हणणाऱ्याला नाही म्हणा.

समुद्रालगत राहत असाल, तर कॉइल वेळोवेळी गोड्या पाण्याने धुऊन घ्या. दरवर्षी गॅस भरण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.