पायाखालचे रबर

पै पै साठवून घेतलेली गाडी जुनी असली तरी घरच्यांना ती नवीच असते. आमची मारुती ८०० तशीच, दोन मालकांकडून फिरून आलेली. १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आलेल्या या गाडीचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. पण आमच्यासारख्यांचा संसार अजून तिच्यावर फिरतो. इंजिन ठणठणीत, पायाखालच्या रबरी मॅट मात्र राखेसारख्या पांढुरक्या.

नात्यातले लग्न होते. चार लोकांत गाडी बरी दिसावी म्हणून आदल्या रात्री आम्ही मॅटना खोबरेल तेल चोळले. मॅट काळ्याभोर झाल्या, मुले खूश! सकाळी पहिल्याच उतारावर ब्रेक दाबताना आमची टाच मॅटवर ठरेना. तेलकट चप्पल पेडलवरून सटकली. पुढच्या रिक्षापासून गाडी हातभर अंतरावर थांबली. मागे आई आणि दोन मुले बसली होती. थोडक्यात निभावले, पण चूक आमचीच होती. त्यातून जे शिकलो ते वाचकांपुढे ठेवतो.

रबर काळे असते ते त्यात मिसळलेल्या काजळीमुळे. ते लवकर तडकू नये म्हणून त्यात मेण व काही रसायने घालतात. ती हळूहळू वर येतात आणि पांढुरकी साय धरते. त्यावर धूळ बसते, बोअरिंगच्या पाण्याचे क्षार चढतात. हा पांढरेपणा धुऊन जातो. उन्हाने रबरच जळाले असेल तर मात्र पूर्वीचा रंग येत नाही.

धुण्याची रीत साधी आहे. मॅट बाहेर काढून झटकाव्यात. कोमट पाण्यात साबणाची पूड कालवून मऊ ब्रशने खाचा घासाव्यात. क्षारांचे डाग राहिलेच तर पाण्यात थोडा व्हिनेगर घालून पुसावे. भरपूर पाण्याने खळबळून लगेच कोरड्या फडक्याने टिपावे, नाहीतर पाणी वाळून पुन्हा पांढरे डाग पडतात. मग सावलीत वाळवावे. रॉकेल, पेट्रोल वापरू नये. त्याने रबर फुगते व सैल पडते. बुटाचे पॉलिश कपड्यांना लागते.

मॅट वाळेपर्यंत गाडीच्या तळाला हात लावून पाहावे. जुन्या गाडीत दाराच्या रबरातून पाणी झिरपते आणि मॅटखाली पत्रा गुपचूप गंजतो. ओल असेल तर दारे उघडी ठेवून आधी ती वाळवावी.

चकाकी आणणारे द्रव बाजारात मिळतात. हौस असेल तर मागच्या मॅटना पातळ हात देऊन नीट पुसून घ्यावे. चालकाच्या मॅटला मात्र तेल, ग्लिसरीन, चकाकी काहीच लावू नये. ती स्वच्छ असली की पुरे.

मॅट बसवताना एकीवर दुसरी टाकू नये. इंजिन बंद ठेवून तिन्ही पेडल पूर्ण दाबून पाहावीत. कड कुठे अडता कामा नये. ही क्षुल्लक बाब नव्हे. २००९ मध्ये अमेरिकेत सॅन दिएगोजवळ दुसऱ्याच मॉडेलची मॅट टाकलेल्या एका गाडीचा ॲक्सिलरेटर तिच्यात अडकला आणि चार जणांचे प्राण गेले. त्यानंतर टोयोटाने तेथील सुमारे ३८ लाख गाड्यांच्या मालकांना चालकाची मॅट काढून ठेवण्यास सांगितले.

कड वळली असेल, तडे गेले असतील तर मोह न धरता मॅट बदलावी. आमची आता धुतलेली, थोडी करडी दिसते. लग्नात तिच्याकडे कोणी पाहणार नाही. पण घरची माणसे सुखरूप पोहोचतील.