विश्लेषण : ताप महिनाभर, रिपोर्ट मात्र ‘निगेटिव्ह’! हृदयाच्या झडपेतले जिवाणू का सापडत नाहीत?

संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घाम, घटते वजन, थोडे चालले तरी दम. अशा रुग्णाची टायफॉइड, मलेरिया, क्षयरोगाची तपासणी होते. हृदयाच्या झडपेचा संसर्ग, म्हणजेच एन्डोकार्डायटिस, बऱ्याचदा उशिरा आठवतो. उपचार न झाल्यास तो जीवघेणा ठरतो.

विरळ जिवाणू कोणते?
स्टॅफिलोकॉकस, स्ट्रेप्टोकॉकस हे नेहमीचे जिवाणू रक्ताच्या कल्चर तपासणीत सहसा सापडतात. कॉक्सिएला मात्र त्यात वाढतच नाही, बार्टोनेला क्वचितच वाढतो आणि ब्रुसेलाला वेळ लागतो. ब्रुसेला कच्च्या दुधातून, तसेच गाभण जनावर गाभडल्यावर वार हाताळताना माणसाला गाठतो. कॉक्सिएलाने होणाऱ्या ‘क्यू फिव्हर’चा तपास १९३५ मध्ये ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या कत्तलखान्यातील कामगारांपासून सुरू झाला. कारण कळेना, म्हणून नावात ‘क्वेरी’चा ‘क्यू’ आला.

रिपोर्ट का फसतो?
विरळ जिवाणू हे एक कारण. दुसरे कारण घरचेच आहे. कल्चरसाठी रक्त देण्याआधीच मेडिकलमधून आणलेल्या अँटिबायोटिकच्या चार गोळ्या पोटात गेलेल्या असतात. त्याने ताप दबतो, जिवाणूही लपतो. पण झडपेची झीज थांबत नाही.

मग करायचे काय?
‘आधी रक्त, मग अँटिबायोटिक’ हा क्रम पाळला गेलाच पाहिजे. झडपेचा जुना आजार किंवा कृत्रिम झडप असणाऱ्यांनी तर लांबलेल्या तापावर स्वतःहून गोळी घेऊच नये. रुग्ण अत्यवस्थ असेल, तर कल्चरचे नमुने घेऊन उपचार लगेच सुरू करता येतात. कल्चर निगेटिव्ह आले, तरी शंका असल्यास इको, अँटिबॉडी आणि पीसीआर तपासणी करावी. निदानाच्या ‘ड्यूक’ निकषांतही २०२३ मध्ये पीसीआरला स्थान मिळाले आहे.

जिवाणूचे नाव कळणे का महत्त्वाचे? नेहमीच्या संसर्गावर साधारण चार ते सहा आठवडे औषधे पुरतात; झडपेतल्या क्यू फिव्हरला किमान १८ महिने लागतात.

महागड्या तपासण्यांच्याही आधी एक फुकटचा प्रश्न आहे : ‘घरी गुरेढोरे आहेत का? दूध कच्चे पिता का?’ गावोगावी गोठे असलेल्या महाराष्ट्रात हा प्रश्न प्रत्येक केसपेपरवर असायला हवा. डॉक्टरांनी विचारला नाही, तर रुग्णाने आपणहून सांगावे.