घरची कणगी आणि हक्काचे धान्य

आपल्या वसतिगृहाच्या कोठारात जाड पुठ्ठ्याची एक वही आहे. जूनमध्ये आणि दिवाळीच्या सुटीनंतर मुलांना सोडावयास येणारे पालक ऐपतीप्रमाणे ज्वारी, तूर, हरभरा असे काही ना काही सोबत आणतात. ते तोलून त्या वहीत जमा केले जाते. याची सक्ती पूर्वीही नव्हती, आजही नाही. आम्ही येथे शिकत होतो तेव्हा आमच्या आईवडिलांची नावे त्या वहीत लिहिली गेली. आज वसतिगृह समितीचे सदस्य म्हणून ती वही तपासण्याचे काम आमच्याकडे आले आहे.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर एका आजींच्या नावापुढे 'ज्वारी, ५ किलो' अशी नोंद झाली. मुलाचे आईवडील ऊसतोडीला गेले होते आणि नातवाला घेऊन आजीच आल्या होत्या. आम्ही ज्वारी तोलून घेतली, त्यांना चहा दिला, आभार मानले. महिन्याभराने त्या मुलाच्या बोलण्यातून कळले, की आजींच्या घरचे रेशन तीन महिन्यांपासून बंद होते. आयुष्यभर खुरपणी केलेल्या त्यांच्या अंगठ्याचा ठसा दुकानातील यंत्रावर उमटत नव्हता. दुकानदाराने कचेरीत जाण्यास सांगितले आणि कचेरीने पुढच्या आठवड्यात येण्यास सांगितले. आम्हाला दिलेली पाच किलो ज्वारी त्यांनी शेजारणीकडून उसनी आणली होती.

ती नोंद आम्हाला अद्याप टोचते. ज्यांच्या घरी उद्याचे पीठ नव्हते त्यांच्याकडून आम्ही धान्य स्वीकारले आणि 'आपल्या घरी किती आहे?' एवढेही विचारले नाही. या स्मरणिकेच्या निमित्ताने संस्थेच्या वाटचालीचा गौरव इतर मान्यवर करतीलच. आम्हाला मात्र या एका नोंदीवरून सुचलेला विचार मांडावयाचा आहे. घरातील साठवण आणि शासनाकडून मिळणारे हक्काचे धान्य या दोन गोष्टी एकमेकींना पर्याय नाहीत. दोन्ही शाबूत असतील तरच गरीब कुटुंब एखादे वाईट वर्ष निभावून नेऊ शकते.

साठवणीविषयी लिहिले जाते तेव्हा जुन्या वाड्यांतील बळदे, अंगणातील पेवे आणि शेणाने सारवलेल्या कणग्या यांचे कौतुकाने वर्णन होते. ते वर्णन खोटे नाही. परंतु आपल्यापैकी बहुतेकांच्या पणजोबांच्या घरी बळद नव्हते आणि पेवही नव्हते. खळे आटोपल्यावर मिळेल ते बलुते आणि दारोदार फिरून आणलेली भाकरी यांवर घर चाले. साठवण म्हणावी अशी वस्तू बहुधा एकच असे, ती म्हणजे दोरीवर वाळत घातलेल्या चान्या. १९२७ साली महाडच्या परिषदेत मेलेल्या जनावरांचे मांस आणि उष्टे अन्न सोडण्याचे आवाहन झाले. ते स्वीकारणाऱ्या घरांनी आपली एकमेव साठवण स्वाभिमानासाठी फेकून दिली होती, याचा आपण पुरेसा विचार करीत नाही. पुढच्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले. दुसऱ्याच्या मर्जीने मिळणारे धान्य नाकारावयाचे आणि त्याच्या जागी स्वतःच्या श्रमाचे व कायद्याच्या हक्काचे धान्य आणावयाचे, अशी ती दिशा होती. म्हणून आपल्या घरातील पत्र्याची कोठी ही केवळ सोयीची वस्तू नाही. ती ज्यांच्या घरी दोन पिढ्यांपूर्वी आली, त्यांनी तिची किंमत ओळखली पाहिजे.

धम्मानेही या प्रश्नाकडे पाठ फिरविलेली नाही. भिक्षूला अन्नाचा साठा करण्यास विनयाने मनाई केली. गृहस्थाला मात्र सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग करण्यास सांगितले असून त्यांतील चौथा भाग संकटकाळासाठी राखून ठेवावयाचा आहे. दीघजाणू कोलियाला केलेल्या उपदेशात कष्टाने मिळविणे, मिळविलेले सांभाळणे, सन्मित्रांची संगत धरणे आणि उत्पन्न पाहून खर्च करणे या चार गोष्टी सांगितल्या आहेत. त्याच वेळी कूटदन्त सुत्तात राजाचे कर्तव्यही स्पष्ट केले आहे: शेतकऱ्याला बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल आणि सेवकाला वेतन द्यावे. चक्कवत्ति-सीहनाद सुत्तात तर निर्धनांना धन न देणाऱ्या राजाच्या राज्यात दारिद्र्य, चोरी आणि हिंसा कशी क्रमाने वाढत गेली याचे वर्णन आहे. गृहस्थाने राखावे आणि राज्यानेही द्यावे, असा हा दुहेरी उपदेश आहे. त्याचा एकच भाग उचलून दुसरा विसरणे योग्य नाही.

महाराष्ट्राच्या इतिहासानेही हेच शिकविले आहे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खनमधील पेवे रिकामी झाली, तेव्हा सत्यशोधक समाजाने १८७७ मध्ये पुण्याजवळ धनकवडी येथे उपाशी मुलांसाठी बालाश्रम उघडला. मुलांना प्रथम जेवू घालावे आणि मग शिकवावे, ही आपल्या वसतिगृहांची परंपरा तितकी जुनी आहे. १९७२ च्या दुष्काळात आपल्या आजीआजोबांनी खडी फोडली, पाझर तलावांची माती वाहिली, सुकडी खाल्ली आणि परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या भाकऱ्या केल्या. त्या कामांतूनच रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पुढे २००५ मध्ये देशाने त्या धर्तीवर कायदा केला आणि २०१३ मध्ये अन्नसुरक्षेचा कायदा आला. मागितलेली भाकरी आणि कायद्याने मिळणारे धान्य यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. ते अंतर काटण्यास आपल्या समाजाला अनेक दशके लागली.

आता या हक्काचे मोजमापही करून पाहू. प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसाला महिन्याला ५ किलो धान्य मिळते, म्हणजे दिवसाला सुमारे १६५ ग्रॅम. अंत्योदय कुटुंबाला मिळून ३५ किलो मिळते. कष्टाचे काम करणाऱ्या माणसाला दिवसाला साडेतीनशे-चारशे ग्रॅम धान्य सहज लागते. म्हणजे रेशनचे धान्य निम्म्या महिन्याची भूक भागविते. डाळ, तेल, मीठ आणि सरपण यांचा खर्च वेगळाच. तरीही आपल्यातीलच काही सुस्थित मंडळी 'फुकटच्या धान्याने लोक आळशी झाले' असे म्हणताना आम्ही ऐकतो. पहाटे चारला उसाच्या फडात उतरणाऱ्या जोडप्याला महिन्याच्या पंधरा दिवसांच्या धान्याने आळस कसा येईल, हे त्यांनी आम्हाला समजावून सांगावे. ज्यांचे शिक्षण वसतिगृहाच्या अनुदानाच्या ताटावर झाले त्यांच्या तोंडी हे वाक्य शोभत नाही.

दुसऱ्या बाजूला, 'सर्व काही शासनाने करावे' असे म्हणून स्वस्थ बसणेही आम्हास धोक्याचे वाटते. हक्क कागदावर असला तरी तो वाटेत अनेक ठिकाणी अडतो. लाभार्थ्यांची संख्या अजूनही २०११ च्या जनगणनेवर आधारलेली आहे आणि महाराष्ट्रासाठी ती सुमारे ७ कोटींवर बांधली गेली आहे. त्यानंतर घराघरांत सुना आल्या, मुले जन्मली, कुटुंबे विभक्त झाली. पण यादीत जागा सहजी होत नाही. ई-केवायसी झाली नाही, ठसा जुळला नाही, यंत्राला नेटवर्क मिळाले नाही, अशा कारणांनी धान्य थांबते. लहान मुलांच्या आधारमधील बोटांचे ठसे वयाच्या पाचव्या आणि पंधराव्या वर्षी अद्ययावत करावे लागतात, हे अनेक पालकांना ठाऊक नसते. २०२० च्या टाळेबंदीत ऊसतोड कामगार कित्येक आठवडे साखर कारखान्यांच्या परिसरात अडकून पडले. पोटाला धान्य हवे होते तेथे, आणि अनेकांचे रेशनचे दुकान होते गावी. अशा वेळी दाराशी आलेले संकट अर्ज मंजूर होईपर्यंत थांबत नाही. तेवढे दिवस घरच्या कोठीनेच काढावे लागतात.

म्हणून प्रत्येक घरात निदान एक महिन्याचे धान्य असावे, असे आम्ही सुचवितो. पाच माणसांच्या घराला सुमारे ५० किलो ज्वारी, गहू वा तांदूळ, ८ ते १० किलो डाळी व कडधान्ये, तेल, मीठ आणि गूळ एवढे पुरेसे आहे. हे एकदम घेणे बहुतेकांना अशक्य आहे, हे आम्ही जाणतो. सुगीच्या दिवसांत भाव उतरलेले असताना थोडे अधिक घ्यावे आणि एरवी दरमहा दोन किलो बाजूला टाकावे. नवे धान्य आले की जुने आधी वापरावे, म्हणजे साठा पडून खराब होत नाही. साठवणीपूर्वी धान्याला चांगले ऊन द्यावे. दाताखाली कडक आवाज करून फुटणारा दाणाच कोठीत जावा. कोठी जमिनीवर न ठेवता विटांवर वा फळीवर, भिंतीपासून थोडी दूर ठेवावी आणि झाकण घट्ट असावे. कडुनिंबाचा वाळलेला पाला, कडधान्यांना राख, तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात हे आपल्या आयांचे उपाय आजही उपयोगी आहेत. बुरशी आलेले शेंगदाणे किंवा मका धुऊन, भाजून खाऊ नयेत. बुरशीचे विष तेवढ्याने जात नाही. आणि कीड मारण्यासाठी बाजारात मिळणाऱ्या विषारी वायूच्या गोळ्या घरातील धान्यात कदापि ठेवू नयेत. त्या घरगुती वापरासाठी नाहीतच. बंद खोलीत त्यांच्या वायूने झोपलेली माणसे दगावतात.

धान्याइतकीच कागदांचीही साठवण महत्त्वाची आहे. शिधापत्रिका, आधार, जातीचा दाखला, बँकेचे पुस्तक आणि प्रत्येकाची छायाप्रत एका प्लास्टिकच्या पिशवीत, घरातील प्रत्येक मोठ्या माणसाला ठाऊक असेल अशा जागी ठेवावी. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी शिधापत्रिकेचा क्रमांक सोबत न्यावा. आता कुटुंबातील काही जणांचे धान्य गावी आणि बाकीच्यांचे कामाच्या ठिकाणी उचलता येते. गावी राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या दृष्टीने ही सोय मोलाची आहे.

येथे माजी विद्यार्थ्यांचे काम सुरू होते. आपल्यांत तलाठी आहेत, ग्रामसेवक आहेत, शिक्षक, वकील आणि बँक कर्मचारी आहेत. अर्ज कोठे द्यावा, पोच कशी घ्यावी आणि तक्रार जिल्ह्याच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे कशी न्यावी, हे आपल्याला कळते. त्या आजींना कळत नव्हते. दर जूनमध्ये पालक शाळेत येतात त्या दोन दिवसांत आपल्यापैकी दहा-बारा जणांनी वसतिगृहाच्या ओसरीवर टेबल मांडून बसावे. प्रत्येक कुटुंबाची शिधापत्रिका पाहावी, मुलाचे नाव तीत आहे का आणि ई-केवायसी झाली आहे का ते तपासावे, व अडलेल्या अर्जाचा पाठपुरावा वर्षभर करावा. देणगीचा धनादेश पाठविण्यापेक्षा हे काम कष्टाचे आहे, पण संस्थेला आज त्याची गरज अधिक आहे. आजींच्या घरचे रेशन पुढे सुरू झाले. आपल्यातील एका माजी विद्यार्थिनीने तीन वेळा कचेरीची पायरी चढल्यावर ते झाले. हक्क त्यांचा होताच, फक्त सोबतीला कोणी नव्हते.

कोठारातील वहीत या वर्षापासून आम्ही एक नवा रकाना आखला आहे. पालकांनी आणलेल्या धान्याच्या नोंदीशेजारी 'घरचे रेशन सुरू आहे काय?' असे विचारून उत्तर लिहिले जाते. 'नाही' असे उत्तर आल्यास धान्य जमा करून घ्यावयाचे नाही, उलट कोठारातून निदान पंधरा दिवसांचे धान्य त्या घरी पाठवावयाचे, असा निर्णय समितीने केला आहे. त्यासाठी कोठारात पुरेसा साठा लागेल. ज्या माजी विद्यार्थ्यांच्या घरच्या कोठ्या आज भरलेल्या आहेत, त्यांनी येत्या सुगीत त्या वहीत आपली नावे पुन्हा एकदा लिहवून घ्यावीत, एवढीच आमची विनंती आहे.