मधल्या बाकावरचा विद्यार्थी

प्राथमिक शाळेत मागे पडलेल्या मुलासाठी उपचारात्मक वर्ग असतो, हुशार मुलासाठी शिष्यवृत्तीचा जादा तास. पन्नास-पंचावन्न गुण मिळविणारा मात्र कोणाच्याच खिजगणतीत नसतो.

२००१ ते २००३ या काळात मुंबई व बडोदे येथील पालिका शाळांतील ‘प्रथम’ संस्थेच्या ‘बालसखी’ उपक्रमाचा अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो प्रभृती अर्थशास्त्रज्ञांनी पद्धतशीर अभ्यास केला. वस्तीतील शिकलेली तरुणी पंधरा-वीस कच्ची मुले वर्गाबाहेर नेऊन रोज सुमारे दोन तास शिकवीत असे. ती मुले सुधारली. वर्गात उरलेल्यांना मात्र, गर्दी कमी होऊनही, लाभ झाल्याचे आढळले नाही. मला हा दुसरा निष्कर्ष अधिक अस्वस्थ करतो. वर्ग लहान केला की शिक्षण आपोआप सुधारते, ही आम्हा शिक्षकांची जुनी श्रद्धा (माझीसुद्धा) येथे डळमळते. संख्या घटली, शिकविणे तेच राहिले, असाच त्याचा अर्थ दिसतो.

ही उणीव आज कारकुनाच्या पगारातून भरून निघते. शिक्षण हक्क कायद्याच्या २८व्या कलमाने शिक्षकांना खासगी शिकवणीस मज्जाव केला. शिकवणीची गरज मात्र कायम आहे. ज्याला फी परवडत नाही, त्याचा मुलगा हातच्याच्या वजाबाकीत अडतो, तरीही चौथीत ‘बरा’ म्हणून पुढे सरकतो आणि आठवीत ‘कच्चा’ ठरतो. उपचारात्मक वर्गाची दारे त्याला तेव्हा उघडतात! त्यापेक्षा तिसरीपासूनच रोजचा अर्धा तास, नियमित पगारी शिक्षकाकडून, या मुलांसाठी वेळापत्रकात राखावा आणि त्याचा खर्च शासनाने उचलावा.