चोथ्यांतील सार

गेल्या चैत्रांत आम्हीं घरांतील कॉफीचा चोथा परसांतील मेथीच्या वाफ्यांत पसरावयास सांगितला. टाकाऊ वस्तूचें फुकट खत होईल, ही आमची कल्पना. रोपें खुरटलीं, तेव्हां मात्र आम्हीं दोष दिला तो सूनबाईंच्या पाणी घालण्यास! पुढें वाचनांत आलें कीं, ताजा चोथा थेट मातींत मिसळल्यास रोपांची वाढ फारच खुंटते, हें मेलबर्न विद्यापीठांतील संशोधकांनीं २०१६ सालीं मुळा, सूर्यफूल इत्यादि रोपांवर प्रयोग करून दाखविलें आहे.

मग या चोथ्यांत राहतें तरी काय? ऊन पाणी आपणांबरोबर नेतें तें पाण्यांत विरघळणारें द्रव्य. तेल विरघळत नाहीं, म्हणून तें बहुतेक मागेंच राहतें. अमेरिकेंतील रेनो येथील नेवाडा विद्यापीठाच्या संशोधकांस वाळलेल्या चोथ्यांत शेंकडा १० ते १५ तेल आढळलें, असें त्यांनीं २००८ सालीं प्रसिद्ध केलें. चोथा हेक्झेनसारख्या द्रावकांत घोळला म्हणजे तेल द्रावकांत उतरतें. नंतर द्रावकाची वाफ करून ती थंड केली कीं द्रावक परत मिळतो व तेल खालीं उरतें. मिथेनॉलाशीं क्रिया घडविल्यास त्याच तेलाचें डीझेलच्या जागीं चालणारें इंधन होतें.

चोथ्यांत थोडें कॅफीन व क्लोरोजेनिक आम्लहि शिल्लक असतें. पाणी व मद्यार्क यांच्या मिश्रणानें तीं काढतां येतात. हें आम्ल तेलास लवकर खवटपणा येऊं देत नाहीं. कॅफीन औषधांस उपयोगी. परंतु कोवळ्या रोपांस तें मारक ठरूं शकतें. एकच द्रव्य कुपींत औषध, तर वाफ्यांत विष!

हे प्रयोग मात्र गृहिणींनीं स्वयंपाकघरांत मुळींच करूं नयेत; हेक्झेन क्षणांत पेट घेतें. कारखान्यांतहि ओला चोथा वाळविण्यास पुष्कळ उष्णता लागते, आणि खर्चाचा हिशेब पुष्कळदां तेथेंच अडतो. घरीं करण्याजोगें एवढेंच कीं, चोथा पालापाचोळ्यांत मिसळून कांहीं महिने खतखड्ड्यांत कुजूं द्यावा.

चाळीस वर्षें आम्हीं मुलांस सारासारविवेक शिकविला, आणि वाफ्यापाशीं तोच विसरलों. सूनबाईंपाशीं आम्हीं आपली चूक कबूल केली. त्या हंसल्या, आणि कॉफीचा पेला पुढें ठेवून म्हणाल्या, “मामंजी, चोथा आतां खड्ड्यांतच टाकतें.”