कारंजाचा काटा आणि कर्त्याची पेटी

एकत्र कुटुंबांत सर्वांची मिळकत कर्त्याच्या पेटींत जाते. किल्ली कोणाकडे असावी याविषयीं सहसा वाद होत नाहीं. वाद होतो तो जमाखर्चाची वही उघडण्याविषयीं. राज्य जेव्हां प्रजेच्या हितासाठीं स्वतःच व्यापारी बनतें, तेव्हांही हाच प्रश्न उभा राहतो. त्याचा पुरावा शोधण्यास मॉस्कोपर्यंत जाण्याचें कारण नाहीं. वऱ्हाडचा कापूस पुरेसा आहे.

सांप्रत वाशीम जिल्ह्यांत असलेल्या कारंजाचा कापूसबाजार १८८६ सालीं हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमानें नियमबद्ध झाला. हिंदुस्थानांतला असा तो पहिलाच बाजार. विलायतेच्या गिरण्यांस निर्मळ कापूस मिळावा, हा त्यांतला मुख्य हेतु. १८९७ च्या कायद्यानें वऱ्हाडांत देखरेखीस समित्या आल्या. त्यांत बसले नगरपालिकांचे व व्यापाऱ्यांचे लोक. ज्याच्या गाडींत कापूस होता, त्याला खुर्ची नव्हती. ती पुढें मिळाली.

स्वराज्यांत, १९७२ सालीं, महाराष्ट्र सरकारनें कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू केली. दलाल मध्यें नकोत आणि शेतकऱ्याला हमीचा भाव मिळावा, हा हेतु निःसंशय चांगला होता. कापूस घ्यावयाचा तो सरकारी यंत्रणेनें. परवान्यावांचून तो राज्याबाहेर नेण्यास बंदी. तेजींतल्या नफ्याचा कांहीं भाग मंदीसाठीं चढउतार निधींत ठेवला जाई. येथपर्यंत कोणीही शहाणा कर्ता असेंच करील. परंतु भाव किती आणि हप्ता केव्हां, हें मुंबईच्या मंत्रालयांत ठरे. १९८४ सालीं निराळा महासंघ निघाला व त्याच्या नांवांत ‘कापूस उत्पादक’ हे शब्द आले. शब्द आले म्हणून वही उघडली, असें मात्र नव्हे.

मग शेतकऱ्यानें आपलें मत दिलें कोठें? रात्रीं, सीमेवरच्या वाटेनें. बाहेर भाव चढला कीं कापूस चोरून शेजारच्या राज्यांत जाई. उतरला कीं खरेदी केंद्रापुढें गाड्यांची रांग लागे. अशा व्यवहारांत पेटी रिकामी होणारच. २००२ सालीं खाजगी व्यापाऱ्यांस खरेदीची मोकळीक मिळाली व एकाधिकार संपला.

युगोस्लाव्हियानें १९५० सालीं कायद्यानें कारखान्यांत निवडून आलेलीं कामगार मंडळें स्थापिलीं. तेथील कामगारास कारखान्याचा हिशेब विचारतां येई. पक्षाचा विचारतां येत नसे. तरीही एवढें पाऊल थोडें नव्हे.

शेतकऱ्याला हिशेबांतलें काय कळतें, असें कोणी म्हणेल. आमच्या घरीं पूर्वीं सुनांविषयीं हेंच म्हणत असत. वही धाकट्या वहिनींच्या हातीं गेली आणि वर्षाच्या आंत वाण्याची उधारी फिटली!

वाशीम जिल्ह्यांत आज कापसाहून सोयाबीनचा पेरा कितीतरी अधिक आहे. हमीभावाची सरकारी खरेदी आहेच. केंद्र केव्हां उघडावयाचें, ओलावा किती टक्के चालेल, हें अजून वरूनच ठरतें. कायद्याप्रमाणें ग्रामसभा वर्षांतून निदान चार वेळां भरावयाची असते. तींत हा प्रश्न विचारण्यास कोणाचीही मनाई नाहीं.