पालखीचे भोई कोण?

उज्जैनीस गेलेला आमच्या ज्ञातीचा यात्रेकरू परतला की एक गोष्ट न चुकता सांगतो : महाकालाचे देवालय अठराव्या शतकात पुन्हा उभारले ते राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर या शेणवी पुरुषाने. गोष्ट खरी आहे आणि अभिमान धरण्याजोगी आहे. पण त्या देवालयाचे दगड कोणी घडविले, अभिषेकाचे पाणी कोणी वाहिले, दिवाणसाहेबांची पालखी कोणाच्या खांद्यावर होती, असे विचारावे तर सारे गप्प!

उज्जैनीहून शिंद्यांची राजधानी १८१० मध्ये ग्वाल्हेरीस गेली. नेमक्या त्याच सुमारास, १८०८ ते १८१२ या काळात, पॅरिसला फ्रांस्वा बाल्ताझार सोल्विन्स याच्या हिंदूंविषयीच्या ग्रंथाचे चार खंड निघत होते. तांब्याच्या पत्र्यावर सुईने रेखाटून तेजाबाने खोदलेली २८८ चित्रे, आणि तीही त्याने स्वहस्ते केलेली! हा अँटवर्पचा चित्रकार राहिला कलकत्त्यास, माळव्यात नव्हे. परंतु त्याने काढलेले भोई, धोबी, भिस्ती उज्जैनीच्या घाटांवर आणि वाड्यांतही होतेच. १७९९ च्या कलकत्ता आवृत्तीत तर घरच्या नोकरांचा स्वतंत्र विभागच आहे.

परकीयाने आमचे दैन्य चव्हाट्यावर मांडले, हा आक्षेप आम्ही पुष्कळदा ऐकला आहे. आम्हांस तो मान्य नाही. सोल्विन्सचा दोष निराळा. त्याने माणसे जातींच्या कप्प्यांत घातली. चित्राखाली धंद्याचे नाव आले, माणसाचे आले नाही. तरी भोयास त्याने अख्खे पान दिले व त्याच्याकडे निरखून पाहिले. लंडनच्या एडवर्ड ऑर्म याने हीच चित्रे, परवानगीवाचून, गोंडस करून १८०४-०५ मध्ये छापली. लोकांस गोंडसच रुचते. सोल्विन्सचा ग्रंथ खपला नाही.

आमच्या स्मरणिका ऑर्मच्याच वळणाच्या. गोव्यातील आणि कोकणातील देवळांत भाविणींनी पिढ्यान्‌पिढ्या दिवे लावले, अंगणे झाडली. देवळ्यांनी शिंगे फुंकली. वर्धापनदिनी देणगीदाराचे छायाचित्र पानभर येते, आणि ही सारी मंडळी 'इतर सेवेकरी' या दोन शब्दांत उरकतात, तीही संपादकास आठवण राहिली तर! सोल्विन्सला नावे ठाऊक नव्हती. आमच्यापाशी देवस्थानांच्या वह्या आहेत. त्यांत शिधा कोणास किती द्यावयाचा, हे नावानिशी लिहिण्याचा प्रघात होता. पुढची स्मरणिका काढण्यापूर्वी विश्वस्तांनी त्या वह्या उघडाव्यात, आणि सापडतील ती नावे पहिल्या पानावर छापावीत. देणगीदारांनी दुसऱ्या पानावर थांबावे.